वसतिगृहाच्या १००० जीबींचा हिशेब: खोलीनिहाय डेटा मोजणीच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट

बारा खोल्या, प्रत्येक खोलीत दोन विद्यार्थी, एक सामाईक बैठकीची खोली आणि या सर्वांमध्ये मिळून एकच इंटरनेट जोडणी, अशी आमच्या वसतिगृहाची मांडणी आहे. जोडणीला महिन्याला १००० जीबींची मर्यादा असून अपलोड आणि डाउनलोड दोन्ही तिच्यात धरले जातात. मर्यादा ओलांडली की पुढील आवर्तन सुरू होईपर्यंत संपूर्ण इमारतीचा वेग २ एमबीपीएसवर येतो. आवर्तन एक तारखेला नव्हे, तर नऊ तारखेला बदलते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे आजवर ठेवलेल्या साऱ्या वह्या निरुपयोगी ठरल्या आहेत. गेली काही आवर्तने शेवटच्या आठवड्यात वेग कोसळतो, मग कोण किती चित्रपट पाहतो यावरून जिन्यात वाद होतो आणि नऊ तारीख उजाडली की सर्व जण तो विसरतात. वाद मिटवण्याआधी मोजणी व्हावी, एवढ्याच हेतूने हे काम हाती घेतले आहे. ज्यांना हेच करायचे आहे त्यांच्यासाठी नोंदी ठेवत आहे.

साहित्य असे: ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली) चालू शकेल असा एक राउटर, व्हीएलएएनची, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडण्याची, सोय असलेला एक जुना स्विच आणि प्रत्येक मजल्यावर एक वायफाय प्रक्षेपक. यांपैकी बहुतेक गोष्टी इमारतीत आधीपासूनच होत्या.

६ ऑगस्ट

राउटरवर दोन मोजणी-साधने बसवली. बाहेरच्या जोडणीवरील एकूण वापरासाठी व्हीएनस्टॅट, आणि आतील प्रत्येक उपकरणाचा वापर वेगळा दाखवण्यासाठी एनएलबीडब्ल्यूमॉन. खोलीनिहाय यादी करून प्रत्येकाकडून फोन आणि लॅपटॉप यांचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाची नेटवर्कवरील ओळख) लिहून घेतले. यादी करण्यात जवळजवळ सर्व वेळ गेला. साधने बसवणे त्या मानाने किरकोळ होते.

एनएलबीडब्ल्यूमॉन वापराची विभागणी सेवेच्या प्रकारानुसारही दाखवू शकते. तो तक्ता बंद केला आणि नावांच्या विचारणांची नोंद, म्हणजे डीएनएसची नोंदवही, मुळात सुरूच केली नाही. कोणी किती वापरले एवढे कळले की पुरे. कोणी काय पाहिले हे राउटरला कळण्याचे कारण नाही. ही अट आधीच जाहीर केली नसती, तर निम्म्या खोल्यांनी यादीत नावे दिली नसती.

११ ऑगस्ट

उपकरणांची यादी कोसळली. खोल्यांमध्ये जेवढी उपकरणे आहेत त्यांहून कितीतरी अधिक नावे तक्त्यात दिसू लागली आणि त्यांतील बहुतेक कोणाच्याच यादीत नाहीत. कारण शोधायला वेळ लागला नाही. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन वायफायला जोडताना आपला खरा मॅक पत्ता न देता बनावट पत्ता देतात. तो सहसा एका नेटवर्कपुरता कायम राहतो, परंतु कोणी आयफोनवर नेटवर्क विसरून पुन्हा जोडले, किंवा पत्ता ठरावीक काळाने बदलण्याचा पर्याय सुरू ठेवला, की तोच फोन तक्त्यात नवा पाहुणा म्हणून उभा राहतो.

ही सोय सर्वांनी बंद करावी अशी सूचना एकाने केली. ती मान्य केली नाही. लोकांच्या खासगीपणाची सोय काढून घेऊन जी मोजणी चालवावी लागते ती मोजणीच सदोष आहे, आणि शिवाय पुढच्या सत्रात नवे विद्यार्थी आले की तेच रामायण पुन्हा सुरू होणार.

१४ ऑगस्ट

उपकरणाऐवजी भिंतीतील तार मोजावी, असा दुसरा प्रयत्न केला. प्रत्येक खोलीत स्विचच्या एका पोर्टवरून तार गेलेली आहे आणि स्विच प्रत्येक पोर्टमधून गेलेल्या बाइट्सची संख्या एसएनएमपी या उपकरणांची माहिती विचारण्याच्या पद्धतीद्वारे सांगतो. तासातासाला ती वाचून फरक काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

आकडे हास्यास्पद आले. रात्रभर गेमची फाइल उतरवणाऱ्या खोलीचा वापर शेजारच्या बंद खोलीपेक्षा थोडाच अधिक दिसत होता. आमच्या जुन्या स्विचचा गणक ३२ बिटांचा आहे, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट्स, सुमारे ४.२९ जीबी झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने हे चक्र पावणेसहा मिनिटांत पूर्ण होते, आणि आम्ही तासातून एकदा पाहत होतो. नव्या स्विचमध्ये ६४ बिटांचे गणक असतात. आमच्यात ते नाहीत. पाच मिनिटांनी वाचले असते तर हे निभावले असते, पण बहुतेक वापर वायफायवरून होत असल्यामुळे तारेची मोजणी तशीही अपुरी होती. स्क्रिप्ट टाकून दिली.

२० ऑगस्ट

ज्या तोडग्याने पुढचे सर्व काम सोपे झाले तो हा: वायफायचे नाव एकच, परंतु प्रत्येक खोलीचा पासवर्ड वेगळा. ज्या पासवर्डने उपकरण जोडले जाईल त्यावरून राउटर त्याला त्या खोलीच्या व्हीएलएएनमध्ये ढकलतो. वायफाय चालवणाऱ्या हॉस्टएपीडी या प्रोग्राममध्ये ही सोय आहे आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या वायरलेस फाइलमध्ये स्टेशन आणि व्हीएलएएन अशा दोन प्रकारच्या नोंदी करून ती वापरता येते. खोलीतील तारेचा पोर्टही स्विचवर त्याच व्हीएलएएनमध्ये टाकला. आता फोनने हवे तितक्या वेळा पत्ता बदलावा. सात क्रमांकाच्या पासवर्डने आलेला प्रत्येक बाइट सात क्रमांकाच्या खोलीच्या खात्यात जातो. पाहुण्याला पासवर्ड द्यायचा की नाही हे त्या खोलीने ठरवावे, कारण खर्च तिच्याच खात्यातून होणार. बैठकीच्या खोलीला तेरावे खाते दिले.

यात अडलेल्या दोन गोष्टी अशा. प्रक्षेपकांवर डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ अशी वायफाय सुरक्षेची मिश्र पद्धत होती. जुने फोन सुरळीत जोडले गेले, पण नवे फोन योग्य पासवर्ड देऊनही ‘पासवर्ड चुकीचा’ असे सांगत राहिले, कारण ते आपणहून डब्ल्यूपीए-३ निवडतात आणि आमची पासवर्डांची यादी त्या पद्धतीला लागू होत नव्हती. केवळ डब्ल्यूपीए-२ ठेवल्यावर प्रश्न सुटला. दुसरे म्हणजे, प्रत्येक खोली वेगळ्या नेटवर्कमध्ये गेल्यामुळे बैठकीच्या खोलीतील प्रिंटर कोणालाच दिसेना. व्हीएलएएनांमध्ये एमडीएनएसच्या घोषणा (उपकरणे ‘मी येथे आहे’ असे नेटवर्कवर कळवतात त्या) पोहोचवणारे आवाही हे साधन बसवले आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणती वाहतूक जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या राउटरच्या नियमांत, प्रिंटरपुरती वाट मोकळी केली. ज्यांच्याकडे सामाईक प्रिंटर असेल त्यांनी हे काम आधी करावे. इंटरनेट बंद पडल्यापेक्षा प्रिंटर बंद पडल्याच्या तक्रारी अधिक आल्या.

२३ ऑगस्ट

बदल करताना वायफायला नवे नाव दिले होते. त्यामुळे निराळेच नुकसान झाले. विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हीकडे ‘हे नेटवर्क मोजणीचे (मीटर्ड) आहे’ ही खूण नेटवर्कच्या नावानिशी साठवलेली असते. काही जणांनी ती खूण पूर्वीच्या नावावर प्रामाणिकपणे केलेली होती. नवे नाव मिळताच त्यांच्या लॅपटॉपांनी ते मोकळे नेटवर्क समजून थकलेली सगळी अपडेट्स एकाच दिवशी उतरवली. जुने नाव परत दिले.

२७ ऑगस्ट

मोजणी आता फायरवॉलमध्ये, एनएफटेबल्स या फायरवॉलचे नियम चालवणाऱ्या साधनाच्या गणकांनी होते: प्रत्येक खोलीसाठी बाहेर जाणारा एक आणि आत येणारा एक गणक, आणि केवळ बाहेरच्या जोडणीकडे जाणारी किंवा तिकडून येणारी पॅकेट्सच (डेटाचे लहान तुकडे) त्यात धरलेली. खोलीच्या इंटरफेसवरील सरसकट बाइट्स मोजले असते तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवलेली फाइलही कोट्यातून वजा झाली असती, आणि आपल्याला तर लोकांनी आपसांत फाइली द्याव्यात असेच हवे आहे. स्टीममध्ये २०२३ पासून एका संगणकावरील गेम स्थानिक नेटवर्कवरून दुसऱ्यावर घेण्याची सोय आहे, तीही अशा मोजणीत फुकट पडते.

सर्व खोल्यांची बेरीज आणि बाहेरचा एकूण आकडा जुळवून पाहिला तर मोठी तफावत निघाली. गणकांच्या नियमांचा तक्ता केवळ आयपीव्ही४ साठी, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीसाठी, बनवला होता. मोठ्या व्हिडिओ सेवा आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर उपलब्ध असल्यामुळे आणि उपकरणे शक्य तेथे आयपीव्ही६ ला प्राधान्य देत असल्यामुळे, सर्वांत जड वाहतूक गणकांना वळसा घालून जात होती. दोन्हींना लागू होणाऱ्या ‘आयनेट’ प्रकारच्या तक्त्यात नियम हलवल्यावर बेरीज जुळली. आयपीव्ही६ बंद करून टाकण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. तो मला आळशीपणाचा वाटतो.

२ सप्टेंबर

आज दुपारी वेग कोसळला, आणि त्या क्षणी व्हीएनस्टॅटवर ९१८ दिसत होते. पुरवठादार फसवतो, असा निष्कर्ष जिन्यात तत्काळ निघाला. तो खरा नाही. व्हीएनस्टॅट मुळात जीआयबी दाखवते, म्हणजे १०२४ च्या घातांत मोजते, तर पुरवठादाराचा जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट्स. १००० जीबी म्हणजे ९३१ जीआयबी. आमचे ९१८ म्हणजे त्याचे ९८६ होतात.

उरलेले चौदा जीबी आवरणात जातात. आमचे गणक आयपी पॅकेटची लांबी मोजतात, परंतु तारेवरून जाताना प्रत्येक पॅकेटला इथरनेटचे (तारेवरील नेटवर्कची पद्धत) १४ आणि पीपीपीओईचे (पुरवठादाराशी जोडले जाण्याची पद्धत) ८ बाइट्स जोडले जातात. १४९२ बाइट्सच्या पॅकेटमागे २२ बाइट्स म्हणजे सुमारे दीड टक्का. शिवाय राउटरने वेग आवरण्यासाठी टाकून दिलेले पॅकेट आपल्यापर्यंत आलेले असते, त्यामुळे ते पलीकडे मोजले गेलेले असते. सर्व आकडे दशमान जीबीत दाखवायला सुरुवात केली आणि तीन टक्के राखून हिशेब धरायचे ठरवले.

५ सप्टेंबर

२ एमबीपीएसमध्ये चोवीस जण म्हणजे माणशी ८३ केबीपीएस. या आठवड्यात निदान पत्रे आणि अभ्यासाची पाने तरी उघडावीत म्हणून राउटरवर ‘केक’ ही रांग व्यवस्था लावली. वेग १.८ एमबीपीएस दिला, कारण रांग पुरवठादाराकडे साचण्याऐवजी आपल्याकडे साचली पाहिजे, तरच तिचे नियम आपल्या हातात राहतात. उपकरणांमध्ये समान वाटप करण्याचा पर्याय सुरू केला आणि त्यासोबत एनएटीचा (सर्व उपकरणांना बाहेर एकाच पत्त्याआड ठेवणाऱ्या सोयीचा) पर्यायही, नाहीतर सर्व इमारत तिला एकच उपकरण वाटते. फरक तासाभरात जाणवला: एकाचे अपलोड सुरू असले तरी इतरांची पाने उघडतात. वेग वाढत नाही, ताटकळणे कमी होते.

त्याच दिवशी एकाने राउटरचा वेग वाढावा म्हणून ‘फ्लो ऑफलोडिंग’ सुरू केले. संध्याकाळी सर्व खोल्यांचे आकडे जवळजवळ शून्य, बाहेरचा आकडा मात्र चालूच. या सोयीमुळे एकदा जुळलेली जोडणी फायरवॉलच्या नेहमीच्या वाटेने जातच नाही, त्यामुळे गणकांना ती दिसत नाही. ती बंद ठेवली आहे आणि राउटरवर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

१० सप्टेंबर

नवे आवर्तन सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी नऊ क्रमांकाची खोली सर्वांच्या पुढे. दोघांपैकी एक गावी गेलेला, दुसऱ्याचे म्हणणे, “अरे, मी काल फक्त नोट्स वाचल्या, व्हिडिओ एकही उघडला नाही.” त्याच्यावर विश्वास ठेवून रात्री त्याच्या खोलीत बसलो आणि गणक दर पाच सेकंदांनी वाचणारी ओळ पडद्यावर लावली. फोनचे वायफाय बंद केले, आकडा तसाच पळत राहिला. टॅबलेट बंद केला, तसाच. लॅपटॉपचे झाकण मिटले आणि आकडा जागच्या जागी थांबला. उघडले की पुन्हा पळू लागला, आणि पळत होता तो बाहेर जाणारा गणक. विंडोजची ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ सेवा उतरवलेल्या अपडेट्सचे तुकडे इंटरनेटवरील अनोळखी संगणकांना वाटत होती. सेटिंगमध्ये ती फक्त स्थानिक नेटवर्कपुरती ठेवली. शिवाय दोन हजारांहून अधिक फोटोंचा साठा एका क्लाउडवर चढत होता आणि त्याच क्लाउडवरून दुसऱ्या लॅपटॉपवर उतरत होता, म्हणजे प्रत्येक फोटो दोनदा मोजला जात होता.

यानंतर अन्य खोल्यांतही असेच पाहिले. चित्रपट पाहणारे होते, नाही असे नाही. पण वादात ज्यांची नावे घेतली जात होती त्यांच्यापेक्षा कोणी न पाहता चालणारी कामे, म्हणजे अपडेट्स, फोटोंचा बॅकअप, गेमची आपोआप होणारी डागडुजी आणि बैठकीच्या खोलीत रिकाम्या खुर्च्यांपुढे एकामागून एक भाग लावत बसलेला टीव्ही, ही वजनाने पुढे होती.

१५ सप्टेंबर

वाटणीचे नियम ठरले. प्रत्येक खोलीला आठवड्याला १६ जीबी. बारा खोल्यांचे तीस दिवसांचे सुमारे ८२३ जीबी होतात. उरलेल्या १७७ मधून बैठकीची खोली, आवरणाचा फरक आणि अडीअडचण भागवायची. महिन्याऐवजी आठवडा धरला, कारण महिन्याचा कोटा लोक पहिल्या दहा दिवसांत संपवतात. १६ जीबी म्हणजे काय हे समजावे म्हणून फलकावर नेटफ्लिक्सने स्वतः दिलेले आकडे लिहिले: एचडीसाठी तासाला ३ जीबीपर्यंत, मध्यम दर्जासाठी ०.७ जीबीपर्यंत. म्हणजे एचडीमध्ये पाच तास, मध्यममध्ये जवळजवळ तेवीस. यानंतर दर्जा कमी करा असे कोणाला सांगावे लागले नाही.

कोटा संपल्यावर खोलीचा वेग १ एमबीपीएस करावा, असे सभेत सर्वानुमते ठरले होते. ते अमलात आणण्याआधी कागदावर गुणाकार केला. १ एमबीपीएस दिवसभर चालला तर १०.८ जीबी होतात, आठवड्याला ७५.६, म्हणजे शिक्षा भोगणारी खोली चार खोल्यांहून अधिक वाटा खाऊ शकते. वेग कमी केला की वापर आपोआप आवरतो हा समज व्हिडिओपुरता खरा आहे, रात्रभर चालणाऱ्या डाउनलोडला तो लागू नाही. ५१२ केबीपीएसनेही आठवड्याला ३८ जीबींच्या वर जातात, आणि त्या वेगात ऑनलाइन तास धड चालत नाही.

शेवटी ठरले ते असे: कोटा संपलेल्या खोलीला रोज पहिला १ जीबी २ एमबीपीएसने, त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत १२८ केबीपीएस. साधारण १ एमबीपीएसने चालणारा तासाभराचा वर्ग ०.४५ जीबी घेतो, त्यामुळे दोन वर्ग बसतात. वाईटात वाईट वापर दिवसाला २.४ जीबींच्या आत राहतो आणि राखीव साठा तो सोसू शकतो.

२१ सप्टेंबर

वीज गेली आणि सोमवारपासूनचा हिशेब पुसला गेला. एनएफटेबल्सचे गणक मेमरीत असतात. राउटर बंद पडला काय किंवा कोणी फायरवॉल पुन्हा सुरू केला काय, ते शून्य होतात. एनएलबीडब्ल्यूमॉनचा साठाही मूळ मांडणीत तात्पुरत्या मेमरीतच असतो. आता दर पाच मिनिटांनी आकडे पेनड्राइव्हवर लिहिले जातात. राउटरच्या अंगच्या फ्लॅशवर इतक्या वेळा लिहिणे टाळले, तिचे आयुष्य मर्यादित असते.

याच घटनेतून दुसरा घोळ निघाला. राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नाही. सुरू होताना तो आपल्या फाइलींमधील सर्वांत अलीकडची तारीख उचलतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तीच खरी मानतो. त्या मधल्या वेळात स्क्रिप्टने मागच्या आठवड्याच्या फाइलमध्ये लिहिले आणि तीन खोल्यांना संपलेल्या कोट्याचा वेग मिळाला. वेळ जुळल्याची खात्री होईपर्यंत स्क्रिप्ट काही लिहिणार नाही, अशी अट घातली आणि त्या तीन खोल्यांना राखीव साठ्यातून भरपाई दिली.

२९ सप्टेंबर

‘मोजणीचे नेटवर्क’ ही खूण प्रत्येकाच्या फोनवर हाताने करत बसण्याऐवजी राउटरकडून करता येते. डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) ४३ क्रमांकाच्या पर्यायातून ‘अँड्रॉइड मीटर्ड’ ही अक्षरे (इंग्रजी मोठ्या लिपीत, मध्ये अधोरेषा) पाठवली की अँड्रॉइड फोन ते नेटवर्क मोबाइल हॉटस्पॉटप्रमाणे जपून वापरतात. फोटोंचे बॅकअप त्याच दिवशी थंडावले. आयफोनवर ‘लो डेटा मोड’ आणि विंडोजवर मीटर्डची खूण मात्र ज्याची त्यानेच करायची आहे. तारेने जोडलेल्या विंडोज लॅपटॉपवर ती खूण स्वतंत्रपणे करावी लागते, आणि हे नेमके विसरले जाते.

एकदा उघडलेली पाने जवळ साठवून पुन्हा देणारा स्क्विड हा प्रोग्राम लावण्याचाही प्रयोग केला. बहुतेक सर्व वाहतूक एचटीटीपीएसने कुलूपबंद असल्यामुळे साठवण्याजोगे फारसे काही सापडलेच नाही. काढून टाकले.

सोमवारी मध्यरात्री सर्वांचा कोटा एकदम भरला जात असल्यामुळे त्या क्षणी सगळे डाउनलोडवर तुटून पडत होते. आता मजल्यानुसार वार वेगळे केले आहेत.

८ ऑक्टोबर

आवर्तनाचा शेवटचा दिवस. पुरवठादाराच्या पानावर मर्यादेच्या आत असलेला आकडा आहे, वेग कायम आहे आणि आमच्या बेरजेत व त्याच्या आकड्यात ठरवलेल्या तीन टक्क्यांहून कमी फरक आहे. दोन खोल्यांनी कोटा ओलांडला होता. त्यांपैकी एकीला प्रकल्पाच्या फाइली चढवायच्या होत्या. तिने आधी सांगितल्यामुळे राखीव साठ्यातून दिले.

राहिलेली कामे: खोलीतील दोघांमध्ये तंटा झाल्यास एका खोलीला दोन पासवर्ड द्यायची मागणी आली आहे, ती यंत्रणेच्या दृष्टीने सोपी आहे पण मग तारेचा पोर्ट कोणाच्या खात्यात धरायचा हे ठरलेले नाही. सत्र संपताना सर्व पासवर्ड बदलायचे आहेत. बैठकीच्या खोलीतील टीव्हीला रात्री एकनंतर इंटरनेट मिळू नये असा नियम आज लावला; उद्या नऊ तारीख.